इसार देण्याआधी: उजनीसाठी जुनी दोन डिझेल इंजिनांची बोट

सोलापुरातून अशी बोट बघायला निघायचं म्हणजे मुंबई, अलिबाग नाहीतर गोवा. बोट खाऱ्या पाण्यात राहिलेली असणार आणि आपण ती भीमेच्या गोड्या पाण्यात चालवणार. म्हणून तयारी बोटीपासून नाही, उजनी धरणापासून सुरू करा. एखादा रविवार काढून यशवंतसागराच्या, म्हणजे उजनीच्या जलाशयाच्या, काठावर जा आणि मासेमारी करणाऱ्यांशी बोला. जाळी कुठे लावतात, जलपर्णी कुठे साचते, उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेलं की कुठे काय उघडं पडतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. पाणी उतरल्यावर पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, म्हणजे पाणी भरल्यावर तसले दगड आणि बाभळीची खोडं बोटीखालीच असतात. तेव्हा बोटीचा किती भाग पाण्याखाली जातो ते पंख्यासकट (प्रोपेलर) स्वतः टेपने मोजा. मालकाने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. आणि उजनीतून थेट पंढरपूरपर्यंत नदीने जायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा, वाटेत बंधारे आहेत.

सोबत मिस्त्री न्या, आणि तो डिझेलमधला हवा. ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनावर हात बसलेला, पंप-नोझल कळणारा माणूस आपल्याकडे मिळतो. बोटीवरची बरीच इंजिनं मुळात त्याच जातीची असतात. गाडीत टॉर्च, छोटा आरसा, प्लॅस्टिकची हातोडी, तापमान बघायची लेझर गन, ऑइलच्या नमुन्यासाठी दोन स्वच्छ बाटल्या आणि एक जुनी सोलापुरी चादर टाका. इंजिनाच्या खोलीत आडवं पडावंच लागतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणीही घ्या, कारण हे काम तासाभराचं नाही.

आदल्या दिवशी मालकाला फोन करून एकच गोष्ट बजावा: आम्ही येईपर्यंत इंजिनं चालू करायची नाहीत. इंजिनाचा दोष ते थंड असताना सुरू करतानाच दिसतो. मी पहिली बोट बघायला गेलो तेव्हा दोन्ही इंजिनं आधीच फिरवून ठेवलेली होती. माझ्या मिस्त्रीने ब्लॉकवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘आज नको, उद्या सकाळी.’ आम्ही रात्री तिथेच मुक्काम केला. सकाळी उजव्या इंजिनाने पहिल्याच सेल्फला आवाज दिला. डाव्याला चार वेळा सेल्फ मारावा लागला, आणि मग पांढरा धूर पाण्यावर तरंगत राहिला तो दहा मिनिटं हलला नाही. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारे मीटर दोन्हीकडे जवळजवळ सारखे होते. तो व्यवहार आम्ही सोडला.

दोन इंजिनांच्या बोटीचा मोठा फायदा हाच, की एकाची परीक्षा दुसऱ्यावर घेता येते. दोन्ही एकाच वयाची, एकाच पाण्यात चाललेली. मग फरक का, हे प्रत्येक वेळी विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त, किंवा पंख्यावर भार जास्त. पांढरा गरम झाल्यावरही थांबला नाही तर कॉम्प्रेशन, नोझल किंवा हेडगॅस्केट. लेझर गन दोन्ही हीट एक्स्चेंजरवर (इंजिनाचं पाणी थंड करणारा भाग) आणि एक्झॉस्टच्या नळीच्या वळणावर त्याच जागी धरा. एक बाजू जास्त तापत असेल तर आत मिठाचा थर असू शकतो किंवा पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरच्या पाकळ्या तुटलेल्या असतील. बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरणारं इंजिन समुद्रात वाढलेलं असेल तर मी तरी घेणार नाही.

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय बघणं म्हणजे न बघणंच. माठ घेताना वाजवून बघतो तसं तळ हातोडीने टकटक करत फिरा. आवाज बद्द आला तिथे खडूने खूण करा. फायबरवर फोड आहेत का, इंजिनाखालची बैठक ओली आहे का, शाफ्ट हाताने सहज फिरतो का, ते बघा. बोटीच्या बाकी धातूऐवजी स्वतः झिजावेत म्हणून तळाला लावलेले जस्ताचे ठोकळे समुद्रासाठी असतात; गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढून ते निकामी होतात, तिथे मॅग्नेशियमचे लागतात. हा बदल खर्चात आधीच धरा.

मग पाण्यात. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही इंजिनं त्यांच्या पाटीवर लिहिलेल्या आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) पोचली पाहिजेत. त्यानंतर एक बंद करून दुसऱ्यावर धक्क्याला परत या, मग उलट. जाळं पंख्यात अडकलं की उजनीत नेमकं हेच करावं लागणार आहे.

डिझेलचा हिशेब सोपा आहे: पूर्ण भारावर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.२ लिटर. दीडशे हॉर्सपॉवरची दोन इंजिनं म्हणजे तासाला ६० लिटर, आणि काठावर पंप नाही, कॅन आपणच वाहायचे.

कागदपत्रांत इंजिनांचे नंबर स्वतः वाचून जुळवा, बँकेचा बोजा तपासा. अंतर्देशीय जलयानांचा २०२१ चा कायदा नोंदणी, तपासणी आणि विमा मागतो. महाराष्ट्र सागरी मंडळ आणि धरणासाठी जलसंपदा विभाग, दोन्हीकडे आधी विचारून घ्या. रस्त्यावर वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते, बोट त्याहून रुंद असेल तर वाहतुकीची परवानगी वेगळी.

लाइफ जॅकेटं बोटीसोबत आलेली जुनी असतील तर नवी घ्या, माणसागणिक एक, लहान मुलांची वेगळी. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचे ढग दिसले की बोट सोडायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

इसार द्याल तो लेखी, आणि त्यात एवढं असू द्या: दोन्ही इंजिनांच्या ऑइलचा तपासणी अहवाल चांगला आला नाही तर पैसे परत.