वायरिंगचा कधी येणारा, कधी जाणारा बिघाड: जुन्या गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

गाडी घाटात बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की अर्धा तास चालू ठेवूनही काही होत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "आत्ता तर सगळं ठीक आहे, पुन्हा झालं की आणा." त्याचंही चुकत नाही. जो बिघाड त्या क्षणी नाहीच, तो मीटरवर दिसणार कसा?

माझ्याकडे १९९७ सालची पेट्रोल गाडी आहे. एका पावसाळ्यात तिने आंबा घाटात मला तीनदा अडकवलं. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंद व्हायचे आणि सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचा, नुसता टक् असा आवाज यायचा. मी आधी बॅटरी बदलली, मग सेल्फचे कार्बन, मग इग्निशन स्विच. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी छान चालली आणि प्रत्येक वेळी वाटलं, सापडला दोष.

ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागडी: तपासण्याआधी पार्ट बदलणं. नवा पार्ट बसवताना जुन्या केबल हलतात, टर्मिनल घासून पुसून निघतात, आणि सैल झालेला सांधा तेवढ्यापुरता पुन्हा टेकतो. गुण येतो तो त्या हालचालीचा, श्रेय मिळतं नव्या पार्टला. म्हणून पार्ट बदलल्यावर गाडी सुधारली, एवढ्यावरून तोच पार्ट खराब होता असं समजू नका.

त्याऐवजी गाडीत एक छोटी वही ठेवा. बिघाड झाला की लगेच लिहा: इंजिन गार होतं की तापलेलं, पाऊस होता का, खड्डा लागला का, वळण होतं का, हेडलाइट, वायपर, पंखा यांपैकी काय चालू होतं. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांच्यातलं साम्य दिसायला लागतं. तापल्यावरच बंद पडत असेल तर इग्निशन कॉइल किंवा रिलेच्या (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) आतला तडकलेला सोल्डर आठवावा. फक्त दमट हवेत इंजिन अडखळत असेल तर प्लगच्या वायरी बघाव्यात. रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून, त्या वायरींवर स्प्रेच्या बाटलीतून पाण्याचा हलका फवारा मारा, हात लांब ठेवून. वायर फुटलेली असेल तर निळसर ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. खड्ड्यात होत असेल तर सैल सांधा, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी चूक मल्टिमीटर हातात असलेले लोकही करतात. वायरीच्या टोकाला मीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसले की म्हणतात, "करंट येतोय." मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. केबलमधल्या सगळ्या तारा तुटून एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा भार पडल्यावर होते. एखाद्या सांध्यात ०.१ ओहम एवढाच अडथळा असेल आणि त्यातून हेडलाइटचे १० अँपिअर जात असतील, तर तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो. सेल्फ तर शंभर अँपिअरच्या वर ओढतो. तिथे ०.०२ ओहमसुद्धा २ व्होल्ट खातो.

माझ्या गाडीचं उत्तर असंच सापडलं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, मधल्या शिशाच्या खांबावरच. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि मुलाला किल्ली फिरवायला सांगितलं. इथे साधारण ०.२ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. माझ्याकडे १.८ आला. मग दुसरं टोक एकेक टप्पा मागे आणत गेलो: इंजिनवरून बॉडीवर, बॉडीवरून केबलच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर. थिंबलपर्यंत आकडा १.७ च्या पुढेच राहिला, आणि टोक बॅटरीच्या क्लॅम्पवर आणताच शून्याजवळ आला. म्हणजे दोष या दोघांच्या मधल्या केबलमध्ये. बाहेरून ती काळी कुळकुळीत, धडधाकट दिसत होती. थिंबलजवळचं प्लास्टिक ब्लेडने उभं चिरलं तर आतून हिरवी पूड सांडली, आणि तांब्याच्या तारा नखाने दाबताच तुटायला लागल्या. नवी अर्थ केबल, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडणारी, बसवली, खर्च काहीशे रुपये.

जुन्या गाडीत सगळ्यात आधी अर्थ तपासायला मी सांगतो ते याचसाठी. पॉझिटिव्ह वायर सगळे शोधतात, परतीची वाट कोणी पाहत नाही. अर्थ खराब झाला की करंट दुसरी वाट शोधतो आणि भलतीच लक्षणं दिसतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर सरकतो. इंजिनची अर्थ पट्टी तुटली असेल तर सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची केबलसुद्धा गरम होते, कारण सेल्फचा करंट तिच्यातून परततो. असं भुताटकीसारखं काही दिसलं की बल्ब बदलत बसू नका. अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे दर पावसाळ्याआधी करावं.

आता एक चूक जी मी अजूनही गॅरेजांत पाहतो आणि जिचा मला मनापासून राग येतो. डायनमो चार्ज करतोय का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढतात. बॅटरी ही व्होल्टेजचे झटके झेलणारी उशी असते. ती एकदम काढली की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड, स्टिरिओ, इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो. कोणी असं करायला लागला तर स्पष्ट नाही म्हणा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या खांबांवर मीटर लावला की पुरे. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

फ्यूज अधूनमधून उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. १० च्या जागी २० टाकला की फ्यूज वाचतो आणि वायर जळते. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी दोन वायरी जोडून २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा आणि त्या लाइनवरचे दिवे, पंखा, हॉर्न बंद ठेवा. शॉर्ट झाला की बल्ब लख्ख पेटतो, पण वायर जळत नाही. मग एकजण बल्बकडे बघत बसेल आणि दुसरा वायरिंग वीतभर-वीतभर हलवत जाईल: दरवाजाची बिजागरी, डिकीचं झाकण, फायरवॉलमधलं (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातलं) भोक. जिथे हलवल्यावर बल्ब पेटतो, तिथेच कातडं सोललेलं असतं. एअरबॅग आणि ईसीएमच्या लाइनवर मात्र हा प्रयोग करू नये.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा वेगळाच विषय. पावसाळ्यात बोनेट आठवड्यातून एकदा उघडत जा, बस.

आधीच्या मालकाने बसवून घेतलेल्या गोष्टींवर मात्र नीट नजर टाका. रिव्हर्स हॉर्न, सेंट्रल लॉकिंग, स्टिरिओ, फॉग लाइट. मूळ वायर मध्येच सोलून, तिला पीळ मारून, वर टेप गुंडाळलेली असते. उन्हाने टेपचा डिंक वितळतो, पीळ सैल होतो. हेडलाइटला १००/९० वॅटचे बल्ब टाकले असतील तर हाय बीमवर सोळा-सतरा अँपिअर जातात. ज्या जुन्या गाड्यांत ते रिलेशिवाय थेट स्विचमधून जातात, तिथे स्विचचे पॉइंट जळतात आणि दिवे मनाला येईल तेव्हा विझतात. एकतर ६०/५५ चे बल्ब परत टाका, नाहीतर रिले बसवून घ्या. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात: ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवे, ८५-८६ ला स्विच आणि अर्थ.

दोष सापडला असं वाटलं की तो मुद्दाम परत आणून बघा. दुरुस्त केलेला सांधा सोडवा, तोच बिघाड दिसतो का पाहा, पुन्हा जोडा. मग वहीत लिहिलेल्या त्याच परिस्थितीत गाडी चालवा. नवी केबल बसवल्यावर मी भर पावसात दोनदा आंबा घाट चढलो, वर पोचल्यावर हेडलाइट लावून इंजिन बंद केलं आणि पुन्हा सेल्फ मारला. दोन्ही वेळा दिवे जेमतेम लवले आणि इंजिन सुरू झालं.