कापडी पिशवीवर रंग आणि कागदाची नक्षी

कोऱ्या कॅनव्हास पिशवीला खळ असते, तिच्यावर रंग धरत नाही. आधी कोमट पाण्यात धुवा, वाळवा, इस्त्री करा. आत पुठ्ठा घाला, नाहीतर रंग मागच्या बाजूला उतरतो.

जिथे कागद चिकटवायचा तिथे पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्या. मळकट कापडावर नक्षीचे रंग मरतात. छापील पेपर नॅपकिनचे पदर सोडवून फक्त वरचा घ्या. जाड राहिला तर पिशवी दुमडताच पापुद्रे सुटतात. साधा फेविकॉल नको, पाण्यात तो विरघळतो. कापडावर चालणारा डेकूपाज गोंद (कागदाची नक्षी चिकटवण्याचा) घ्या. गोंद पातळ लावा, कागदावर प्लॅस्टिक ठेवून मधून कडेकडे दाबा. सुरकुत्या पडतात त्या बहुधा जास्त गोंदामुळेच.

कडेला फॅब्रिक रंगाने सोलापुरी चादरीसारखी चौकटींची किनार काढा. मास्किंग टेप लावून स्पंजने टिपलं की रेघा सरळ येतात, आणि टेप रंग ओला असतानाच काढायची. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गोंद पसरण्याआधीच सुकतो. काम सकाळी, पंखा बंद ठेवून करा.

24 तासांनी वरून गोंदाचे दोन हात द्या. पूर्ण वाळल्यावर बटर पेपर ठेवून इस्त्री फिरवा. पिशवी भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा.