हेपॅटायटिस सी : गोळ्या फुकट, तरी माणूस अडकतो कुठे? या चुका टाळा

हेपॅटायटिस सी (रिपोर्टवर ‘एचसीव्ही’) हा यकृत बिघडवणारा, रक्तातून पसरणारा विषाणू. मुंबईत तो सापडतो तो बहुतेकदा भलत्याच कामासाठी गेलेल्या माणसात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असतं, डायलिसिस सुरू करायचं असतं, नाहीतर मंडळाच्या शिबिरात रक्त दिलेलं असतं. आणि रिपोर्टवर येतं, ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’. ना कावीळ, ना पोटदुखी. मग हा आला कुठून?

हा विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये. आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची व्हायला 2001-02 उजाडलं. त्याआधी बाळंतपणात किंवा अपघातात रक्त चढवलेली अनेक माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या जोडीला डायलिसिसवरचे रुग्ण, सतत रक्त लागणारी थॅलेसेमियाची मुलं आणि सुईने नशा करणारे. शहरात हा आजार प्रामुख्याने या लोकांत दिसतो. दवाखान्यातली नीट न उकळलेली सुई, न्हाव्याचा वस्तरा, जत्रेतलं गोंदण यांतूनही तो येऊ शकतो.

28 जुलै 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय हेपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. तरी लोक सिरॉसिस (यकृत निबर, कडक होणं) होऊन, पोटात पाणी भरल्यावर ओपीडीत येतात. माझ्या मते औषध नसणं हे आता त्याचं मोठं कारण उरलेलं नाही. एका रिपोर्टवरून पुढच्या रिपोर्टकडे जाताना माणूस गळतो, अडचण तिथे आहे.

पहिल्याच रिपोर्टवर थांबणं

‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे शरीरात अँटीबॉडी (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं) आहेत, म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. तो आज रक्तात आहे की नाही, हे विषाणूच शोधणारी आरएनए टेस्ट सांगते. लागण झालेल्यांपैकी साधारण 30 टक्के लोकांत विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप जातो, पण अँटीबॉडी राहतात. त्यामुळे काही जण विनाकारण हाय खातात. उलट काही जण ‘एसजीपीटी (यकृताची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल आहे’ म्हणून फाइल कपाटात टाकतात. एसजीपीटी नॉर्मल असूनही यकृत आतून खराब होत असू शकतं.

रक्तपेढीचा फोन टाळणं हा याचाच भाऊ. शिबिरानंतर ‘एकदा येऊन भेटा’ असा फोन आला, तर तो सर्टिफिकेटसाठी नसतो. जाऊन या.

व्हायरल लोडच्या आकड्याला घाबरणं

आरएनए रिपोर्टवर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, 42 लाख लिहिलेलं पाहून घरात रडारड होते. पण विषाणू किती आहेत यावरून यकृत किती बिघडलंय हे ठरत नाही. बिघाडाचा पहिला अंदाज साध्या रिपोर्टांवरून काढतात. एसजीओटीला (यकृताची आणखी एक रक्ततपासणी) लॅबच्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेने भागायचं, 100 ने गुणायचं आणि हजारांत मांडलेल्या प्लेटलेट्सने पुन्हा भागायचं. समजा एसजीओटी 96, मर्यादा 40 आणि प्लेटलेट्स 1 लाख 10 हजार. 96 भागिले 40 म्हणजे 2.4, गुणिले 100 म्हणजे 240, भागिले 110 म्हणजे जवळपास 2.2. उत्तर 2 किंवा त्याहून जास्त आलं की डॉक्टर सिरॉसिस गृहीत धरून गोळ्या ठरवतात. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुवीर आणि डाक्लाटासवीर, असेल तर सहसा सोफोसबुवीर आणि वेल्पाटासवीर. पोटात पाणी झालं असेल तर उपचार वेगळे आणि मोठ्या रुग्णालयातच.

खासगीत काही जण जीनोटाइप (विषाणूचा उपप्रकार) टेस्टवर हजारो रुपये घालवतात. आपल्याकडे जीनोटाइप 3 जास्त सापडतो हे खरं, पण या गोळ्या सगळ्या जीनोटाइपवर चालतात. डॉक्टरांनी खास कारण सांगितलं तरच करा.

बाकीची औषधं लपवणं

मुंबईत टीबी घरोघरी. टीबीची रिफाम्पिसिन चालू असताना या गोळ्यांचा असर घटतो, म्हणून दोन्ही एकत्र चालत नाहीत. फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांचंही तेच. हृदयासाठी अमिओडारोन घेत असाल तर सोफोसबुवीरने ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. ॲसिडिटीची रोजची गोळीसुद्धा वेल्पाटासवीरच्या आड येते. घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून न्या, नावं पाठ करायला नको. आणि उपचाराआधी हेपॅटायटिस बी तपासून घ्या. सी जाताना दबलेला बी उसळल्याची उदाहरणं आहेत.

गावी जाताना बाटली संपणं

गोळ्या साधारण महिन्याच्या मिळतात, एका बाटलीत 28. गणपतीला कोकणात गेलेला माणूस दहा दिवस जास्त राहतो आणि गोळ्या तुटतात. निघण्याआधी औषध खिडकीवर सांगा. एखादा दिवस आठवण उशिरा झाली तर त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

‘कावीळ उतरवायला’ जाणं

पावसाळ्यात घाण पाण्यातून येणारी कावीळ सहसा हेपॅटायटिस ए किंवा ई ची असते. ती बहुतेकदा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला नाहीतर नाकात पिळलेल्या रसाला मिळतं. सी रक्तातून येतो, पाण्यातून नाही, आणि वर्षानुवर्षं राहतो. लागण टिकून राहिलेल्यांपैकी 15 ते 30 टक्के लोकांना 20 वर्षांत सिरॉसिस होतो. दारू असेल तर लवकर. म्हणून उसाचा रस आणि बिनतेलाची भाजी यावर विसंबू नका. घरच्यांनी ताट-वाटी वेगळी करायचीही गरज नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर.

शेवटची टेस्ट न करणं

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए करावी लागते. ‘बरं वाटतंय’ म्हणून बरेच जण तिथेच गळतात, आणि ज्यांच्यावर उपचार लागू पडले नाहीत ते थोडे लोक वेळेवर कळत नाहीत. निगेटिव्ह आली तर रिपोर्ट जपून ठेवा, कारण अँटीबॉडी टेस्ट पुढेही रिॲक्टिव्ह येत राहील आणि पुढच्या ऑपरेशनच्या वेळी तोच कागद दाखवावा लागेल. बरं झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते, लस नाही.

सिरॉसिस असलेल्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची. यकृताच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.