नवा सीझन लागला की काय बघायचं, काय सोडायचं

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. जपानी टीव्हीवर वर्षातून चारदा नव्या ॲनिमेंचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचा, लोंढा येतो. बहुतेक मालिका एका 'कूर'च्या, म्हणजे १२-१३ भागांच्या. भाग साधारण २४ मिनिटांचा. नोकरी-कॉलेज सांभाळून चार-पाच मालिका पुष्कळ झाल्या.

यादी करताना स्टुडिओच्या नावावर जाऊ नका. जुन्या प्रेक्षकांची सवय नेमकी इथेच नडते. २०१५चा 'वन पंच मॅन' मॅडहाउसने केला, पण दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्याबरोबर काम करायला बाहेरचे कितीतरी फ्रीलान्स ॲनिमेटर आले होते. २०१९च्या दुसऱ्या सीझनला दिग्दर्शक बदलला, स्टुडिओही बदलला, आणि मारामारीतला जीवच गेला. म्हणून आधी दिग्दर्शक बघा, मग 'सीरिज कंपोझिशन' कोणाचं ते. कथेचे भाग पाडणारा मुख्य लेखक तोच. दोघांचं आधीचं काम ॲनीलिस्ट किंवा मायॲनिमेलिस्ट या वेबसाइटवर सापडतं. तिथले गुण मात्र पहिल्या आठवड्यात बघूच नका. तेव्हा मूळ मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, चाहतेच मतं देत असतात.

ट्रेलरमध्ये सगळ्यात भारी शॉट आधीच वापरलेले असतात. त्यात लढाई सोडून साधी माणसं चालताना, जेवताना कशी हलतात तेवढं बघा.

तीन भाग बघून मालिका ठेवायची की सोडायची ते ठरवायचं, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. २०११च्या 'मादोका मागिका'च्या तिसऱ्या भागाने तो पक्का केला. पण आता मिनिटं मोजावीत. 'ओशी नो को'चा पहिला भागच दीड तासाचा होता, 'फ्रीरेन'चे पहिले चार भाग एकाच रात्री दाखवले. तेव्हा साधारण ७० मिनिटं बघून ठरवा.

खरी परीक्षा पुढे, चौथ्या ते सहाव्या भागात. पहिल्या भागाला वेळ भरपूर मिळालेला असतो, नंतर वेळापत्रक गळ्याशी येतं. लांबून दिसणारे चेहरे बिघडतात, स्थिर चित्रावरून नुसता कॅमेरा फिरतो. एखादा भाग असा निघाला तर हरकत नाही, नंतर निघणाऱ्या ब्लू-रे डिस्कमध्ये बरंच दुरुस्त होतं. शेवटच्या गाण्यातली श्रेयनामावली थांबवून 'साकुगा कान्तोकु'खालची नावं मोजा. हे लोक रेखाटनं सुधारून एकसारखी करतात. दोन-चार नावं असली तर ठीक. एकाच भागाला पंधरा-वीस दिसली, तर बहुधा शेवटच्या घटकेला धावाधाव झालीय. त्यातच मध्येच 'आतापर्यंतची कथा' छापाचा भाग आला, तर मालिका बाजूला ठेवा आणि संपल्यावर सलग बघा.

पूर्वी वर्षभर चालणाऱ्या मालिकेत पात्रं रुळायला वीस भाग मिळत. तो संथपणा बारा भागांत शोधू नका. शेवट हवाच असेल तर मांगा किंवा लाइट नॉव्हेलवर (तरुण वाचकांसाठीच्या सचित्र जपानी कादंबऱ्यांवर) न बेतलेली, थेट टीव्हीसाठी लिहिलेली मालिका निवडा. पुस्तकांवरच्या कितीतरी मालिका कथेच्या मध्यावरच थांबतात, आणि दुसरा सीझन येईलच असं नाही.

वेळेची गफलतही नेहमीची. जपानी वेळापत्रकात '२५:३०' लिहिलेलं असतं, म्हणजे मध्यरात्रीनंतर दीड. त्यातून सरळ साडेतीन तास वजा करा: त्याच तारखेला आपल्याकडे रात्रीचे दहा. सबटायटल असलेला भाग अनेकदा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने ऑनलाइन चढतो.