ट्रान्सफर केस उतरवण्याआधी या चुका टाळा

फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकचा लिव्हर अडकला, वळताना पुढून धक्के बसू लागले किंवा डॅशबोर्डवरचा दिवा लागेनासा झाला, की बहुतेकांचा पहिला संशय ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीवर, जातो आणि पहिला हात पान्याकडे जातो. अशा घाईने उतरवून माझ्यासमोर आणलेल्या कितीतरी केसेस आतून धडधाकट असतात. चेन ताठ, दात शाबूत, बेअरिंग गप्प. दोष असतो टायरमध्ये, लिंकेजच्या (लिव्हर केसशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) झिजलेल्या प्लास्टिक बुशमध्ये किंवा पुढच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या चिरलेल्या व्हॅक्यूम नळीत. त्यामुळे उतरवण्याची पद्धत सांगण्याआधी न उतरवण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

कोरड्या पक्क्या रस्त्यावर ४एच

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे आणि तिच्याबद्दल माझा संयम कधीच संपला आहे. पार्ट-टाइम प्रकारच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जुळणी, नसतो. ४एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) किंवा ४एल (चारही चाकांना जोर, संथ वेग) लावताच पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलकडे फिरकी नेणारे दांडे, एकमेकांना जखडले जातात आणि दोघांना एकाच वेगाने फिरावे लागते. गाडी वळते तेव्हा मात्र पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचे असते. माती, वाळू किंवा चिखल असेल तर एखादे चाक किंचित घसरते आणि हिशेब चुकता होतो. डांबरावर किंवा काँक्रीटवर घसरायला जागा नसल्यामुळे तो फरक शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे), चेन आणि ॲक्सल यांच्यात पिळलेल्या दोरीसारखा साठत जातो. स्टिअरिंग जड होते, हळू वळताना गाडी उड्या मारल्यासारखी चालते, टायर चिरकतात आणि शेवटी लिव्हर ४एचमधून बाहेर येत नाही, कारण सरकणाऱ्या कॉलरचे दात त्या ताणाखाली दाबले गेलेले असतात.

या टप्प्यावर माणसे काय करतात? लिव्हरला पाइप जोडून ओढतात, लाथ मारतात, हातोडी आणतात. त्यातून आतला शिफ्ट फोर्क (कॉलर सरकवणारा काटा) वाकतो किंवा त्याची झिजपट्टी तुटते आणि मगच केस खरोखर बिघडते. करायचे एवढेच असते की गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यायची, लिव्हरवर २एचच्या (फक्त दोन चाकांना जोर) दिशेने हलका हात ठेवायचा आणि ताण सुटेपर्यंत थांबायचे. तेवढ्याने न सुटल्यास रस्त्याकडेच्या मऊ मातीत एका बाजूची चाके उतरवावीत किंवा स्टिअरिंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवून सावकाश पुढे-मागे करावे. लिव्हर आपणहून सुटतो. बोटांना तो हलका झालेला स्पष्ट कळतो.

मधला डिफरन्शियल असलेल्या फुल-टाइम केसला कोरड्या रस्त्याचा हा नियम लागू नाही, परंतु तिचाही डिफरन्शियल लॉक केला की ती पार्ट-टाइमसारखीच वागते. पुस्तिकेत आपली केस कोणत्या प्रकारची आहे ते न वाचता लॉकचे बटण दाबून महामार्गावर निघणारे चालक मी पाहिले आहेत, आणि ‘पकड वाढते’ हे त्यांचे समर्थनही ऐकले आहे.

टायरचा हिशेब न करणे

एक ट्रक माझ्याकडे आला तो दुसऱ्या एका ठिकाणी केस उघडून, चेन आणि फोर्क बदलून झाल्यानंतर. तक्रार तीच राहिली होती: ४एच लावून कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर गेले, तरी लिव्हर अडकायचा आणि खालून ठकठक यायची. मालकाचे म्हणणे होते की चेनच निकृष्ट बसवली आहे, म्हणून पुन्हा उघडा. मी गाडीखाली जाण्याआधी चारही चाकांभोवती फिरलो. मागचे टायर कोरे करकरीत होते, पुढच्यांची नक्षी जेमतेम उरली होती. सपाट जमिनीवर एका पुढच्या आणि एका मागच्या टायरवर, जमिनीला टेकतो त्या जागी, खडूची रेघ मारली, तिच्यासमोर जमिनीवरही खूण केली, आणि चाकाच्या पूर्ण दहा फेऱ्या होईपर्यंत गाडी २एचमध्ये सरळ ढकलत नेली. दोन्ही अंतरे टेपने मोजली तेव्हा मालक स्वतःच खाली वाकून आकडे वाचू लागला.

ढोबळ हिशेब असा आहे. नव्या टायरचा व्यास ७५० मिलिमीटर धरा आणि झिजलेल्याची नक्षी ६ मिलिमीटरने कमी धरा. म्हणजे त्याचा व्यास झाला ७३८. एका किलोमीटरमध्ये नवा टायर सुमारे ४२४ वेळा फिरेल आणि झिजलेला सुमारे ४३१ वेळा. चाकांचा हा सात फेऱ्यांचा फरक डिफरन्शियलचे प्रमाण ४ (शाफ्टच्या चार फेऱ्यांना चाकाची एक) असेल तर शाफ्टवर जवळजवळ २८ फेऱ्यांचा होतो, आणि तोही गाडी अगदी सरळ चालत असताना. एवढा फरक कुठल्याही चेनने रोज सहन करावा, अशी अपेक्षा चुकीची आहे. त्या ट्रकला एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे चार टायर बसले आणि ठकठक थांबली. आधी काढलेली जुनी चेन बहुधा चांगलीच होती, पण ती फेकून दिल्यामुळे ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

याच जातीची, पण अधिक महाग चूक म्हणजे एका ॲक्सलचा डिफरन्शियल दुसऱ्या गाडीचा बसवणे. पुढचे आणि मागचे प्रमाण जुळत नसेल, तर ४एच लावायचेच नाही.

दिवा लागला म्हणजे पुढची चाके ओढू लागली, असे समजणे

दिवा साधारणपणे इतकेच सांगतो की एखादा स्विच दाबला गेला आहे. पुढचा शाफ्ट फिरतो की नाही आणि त्या शाफ्टने चाके ओढली जातात की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाडी सपाट जागी चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद ठेवावे, ४एच लावावे आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो मागच्या शाफ्टला जखडलेला असेल, तर केस आपले काम करत आहे. शोध पुढच्या ॲक्सलकडे वळवावा. हाताने लावायचे हब (चाक ॲक्सलला जोडणारी किंवा सोडणारी कळ) असतील आणि एकच हब लागला असेल, तर साध्या डिफरन्शियलमधून सगळी फिरकी मोकळ्या बाजूला निघून जाते आणि चिखलात पुढची दोन्ही चाके निवांत उभी राहतात. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये इंजिनाजवळच्या गरम भागातली नळी सर्वांत आधी चिरते.

बटणावर चालणाऱ्या केसचा चालक तर आणखी अधीर असतो. ४एलसाठी बहुतेक गाड्यांना उभे किंवा अगदी संथ असावे लागते, आणि क्लच दाबलेला किंवा ऑटोमॅटिक गिअर न्यूट्रलमध्ये असावा लागतो. अट पूर्ण होईपर्यंत दिवा लुकलुकत राहतो, आणि तेवढ्या वेळात हा गृहस्थ बटण पुन्हापुन्हा दाबत बसतो. केसचा गिअर सरकवणारी मोटर बदलण्याआधी बॅटरीचा दाब, फ्यूज, अर्थिंगची तार आणि चिखलाने भरलेला कनेक्टर पाहावा. त्या क्रमानेच पाहावा, कारण तो स्वस्तापासून महागाकडे जातो.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. चालत्या गाडीत ४एल लावू नये. बहुतेक केसेसमध्ये त्या गिअरला सिंक्रोनायझर (दातांचा वेग आधी जुळवणारा भाग) नसतो आणि जो ‘खर्र’ आवाज येतो तो दातांच्या कडा मोडण्याचा असतो. ४एल साधारण २ ते २.७ पट, आणि काही केसेसमध्ये ४ पट, जोर वाढवतो. तो जोर अडकलेल्या चाकावर झटक्याने सोडला तर तुटतो तो शाफ्ट किंवा क्रॉस. फक्त फोर-व्हील ड्राइव्हमध्ये आणि फक्त भार असताना येणारा कडकड आवाज, ज्यात फिरकी क्षणभर सुटल्यासारखी वाटते, तो ताणलेल्या चेनचा असू शकतो. ४एच स्वतःहून सुटत असेल तर आधी बाहेरचे लिंकेज जुळवावे, मग फोर्कवर संशय घ्यावा. आणि टो करून नेताना पुस्तिकेत शाफ्ट सोडायला सांगितले असेल तर तो सोडावाच, कारण बऱ्याच केसेसना केवळ चाकांनी फिरताना पुरेसे ऑइल पोचत नाही.

ऑइलच्या बाबतीत आधी खालचा प्लग उघडणे

आधी भरण्याचा, म्हणजे वरचा प्लग सैल करावा. तो गंजून बसलेला असेल आणि खालून ऑइल आधीच सांडून झाले असेल, तर रिकामी केस आणि उघडता न येणारा प्लग एवढेच हाती उरते. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये पाना अर्धवट बसवून जोर लावला की प्लगचे डोके गोल होते किंवा केसचे आटे जातात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवण्याएवढा धीर असेल तर यातले काही होत नाही.

बऱ्याच चेनवाल्या केसेसना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे पातळ लाल ऑइल लागते, तर जुन्या, दातांनी चालणाऱ्या लोखंडी केसेसना जाड गिअर ऑइल. ‘जाड ते टिकाऊ’ या समजुतीने पंपवाल्या केसमध्ये जाड ऑइल भरले, तर थंडीत पंप ते नीट ओढत नाही आणि वरची बेअरिंग कोरडी चालतात. पुस्तिकेत लिहिले आहे तेच भरावे, आणि पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ठेवावी.

काढलेले ऑइल टाकण्याआधी मोजावे, ही माझी जुनी सवय आहे. ठरल्यापेक्षा जास्त निघाले तर गिअरबॉक्स आणि केस यांच्यामधले सील गेलेले असू शकते, म्हणजे गिअरबॉक्सचे ऑइल केसमध्ये उतरत असते. दोन्हीकडे लाल ऑइल असेल तर रंगावरून काही कळत नाही. बाहेर थेंबही गळत नसतो आणि गिअरबॉक्स मात्र रिकामा होत राहतो. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि ते बहुतेक वेळा श्वासनळीतून, म्हणजे आतली हवा बाहेर जाऊ देणाऱ्या नळीतून, शिरते. हीच नळी बुजली तर उष्णतेने आतला दाब वाढतो, ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाते आणि लोक नवी सीले बसवत राहतात. ऑइलमधले धातूचे कण धरणाऱ्या चुंबकावर राखाडी बारीक लेप असणे स्वाभाविक आहे. नखाने उचलता येतील असे तुकडे असतील, तर आता केस उतरवायचा विचार करावा.

उतरवताना आणि चढवताना

सर्वांत धोकादायक चूक आधी सांगतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, तर गिअरबॉक्स पार्कमध्ये असो की पहिल्या गिअरमध्ये, चाके मोकळी असतात. शाफ्ट सोडल्यावरही तसेच होते. सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक आणि भाराला साजेसे स्टँड यांशिवाय गाडीखाली जाणाऱ्याला मी माझ्या शेजारी काम करू देत नाही. केवळ जॅकवर टेकलेल्या गाडीखाली तर मुळीच नाही.

शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) रंगाची खूण करावी, क्रॉसचे कप चिकटपट्टीने बांधावेत आणि शाफ्ट लोंबकळत न ठेवता तारेने वर टांगावा. सरकत्या टोकाचा शाफ्ट ओढला की केसच्या शेपटातून उरलेले ऑइल येते. तिथे आधीच भांडे ठेवावे. लिंकेज, तारा, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर आणि श्वासनळी सोडवून झाली की क्रॉस मेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) काढण्याआधी गिअरबॉक्सला खालून आधार द्यावा. तो विसरला की इंजिनासकट सगळे मागे झुकते आणि पंख्याकडच्या बाजूला काहीतरी चेपते. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असल्यास पुठ्ठ्यावर केसची आकृती काढून ते त्या-त्या जागी खोचून ठेवावेत.

ॲल्युमिनियमची केससुद्धा छातीवर झेलण्याएवढी हलकी नसते, आणि लोखंडी केसचा तर विचारही करू नये. ट्रान्समिशन जॅक आणि पट्टा वापरावा. केस सरळ मागे सरकवून काढावी. ती येत नसेल तर राहिलेला बोल्ट शोधावा. सांध्यात पहार घालणाऱ्याला पुढे त्या सांध्यातून कायम ऑइल गळताना दिसेल.

चढवताना मात्र घाईचे खरे दाम मोजावे लागते. एका उत्साही कारागिराने केस जवळजवळ जागेवर आणली होती. फक्त बोटभर फट उरली होती. स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या एकमेकांत बसणाऱ्या खाचा, जुळत नव्हत्या. शाफ्टचे टोक थोडे फिरवून पाहण्याऐवजी त्याने सगळे बोल्ट लावले आणि ते आळीपाळीने आवळत फट मिटवायला घेतली. बोल्ट फिरत होते, फट कमी होत होती, त्यामुळे त्याला सगळे ठीक वाटत होते. मग ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि गिअरबॉक्सच्या मागच्या कवचाचा कान बोल्टसकट निघाला. केसला ओरखडाही नव्हता. बदलावे लागले ते कवच, आणि त्यासाठी गिअरबॉक्सही खाली आला.

बोल्ट हे केस घट्ट धरण्यासाठी असतात, ओढून आणण्यासाठी नाहीत. फट हाताने मिटली पाहिजे. मी दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्यांच्या मार्गदर्शक कांड्या केल्या आहेत. त्या वरच्या दोन भोकांत लावल्या की केस वाकडी होत नाही आणि तिचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळत नाही. केस ४एचमध्ये ठेवून मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवला की स्प्लाइन जुळतात आणि केस मऊपणे आत जाते. मधले सील त्याच वेळी नवे टाकावे. एवढे सगळे उतरवल्यावर जुने सील परत बसवण्यात कसली बचत आहे, हे मला अजून समजलेले नाही. सीलंट पातळ लावावा, कारण आत सुटलेला त्याचा तुकडा पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. बोल्ट टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

ऑइल भरल्यावर गाडी स्टँडवरच असताना लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून पाहावा. मग गाडी उतरवून मातीच्या रस्त्यावर सावकाश चालवावी, ४एच आणि ४एल दोन्ही लावून बघावे, आणि ती सपाट जागी उभी करून पातळी पुन्हा तपासावी. ऑइल आतल्या जागांमध्ये पसरल्यावर पातळी थोडी उतरली, तर ती भोकाच्या कडेपर्यंत भरून प्लग पुन्हा आवळावा.