मोझेलचं खोरं, मोटरहोम आणि ऑक्टोबर: जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

चार दिवसांत कोब्लेंझ, कोखेम, बर्नकास्टेल, ट्रियर, लक्झेंबर्ग आणि जमलंच तर हायडेलबर्ग, असा बेत आखून मोटरहोम (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेणारी मराठी कुटुंबं दर ऑक्टोबरला दिसतात. असं करू नका. सात मीटर लांबीची गाडी रोज हलवायची म्हणजे रोज सगळं आवरायचं, वीज काढायची, खिडक्या बंद करायच्या आणि संध्याकाळी पुन्हा जागा शोधायची. मोझेल नदीच्या काठाने सपाट सायकलमार्ग आहे, रेल्वे आहे, सायकली वाहून नेणाऱ्या बस आहेत. गाडी तीन-चार रात्री एका जागी ठेवा आणि तिथून रोज निघा. आठवड्यात दोन मुक्काम पुरतात: एक कोखेम ते एडिगर-एलर या टापूत, दुसरा बर्नकास्टेल-कूसच्या आसपास.

लायसन्सचं आधी बघा. जर्मनीत राहायला आल्यापासून भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. ते नुसतं बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मुदतीनंतर गाडी चालवणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, दंडाची पावती फाडून सुटका होत नाही. ‘कोण विचारतंय’ हा सल्ला आपल्याच ओळखीतले लोक देतात. तो ऐकू नका, कारण अपघात झाला तर विमा कंपनी नक्की विचारते.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक: उंची. व्हॅनच्या बांध्याची गाडी साधारण २.६ ते २.७ मीटर उंच असते, पुढे डोक्यावर पलंग असलेली ३ मीटरच्याही वर जाते. मोझेलकाठी नदी, रस्ता, रेल्वेचा बांध आणि मग गाव अशी रचना बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे गावात शिरायला रुळांखालचा बुटका बोगदा पार करावा लागतो. फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला तुमच्या गाडीची उंची माहीत नसते. काही सुपरमार्केटच्या पार्किंगवर आडवा दांडा असतो, पार्किंगच्या इमारतींत तर २ मीटरच्या आसपासच जागा असते. गाडी ताब्यात घेतानाच तिची उंची आणि रुंदी कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. लाल वर्तुळातला आकडा तुमच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर थांबा, धोक्याचे दिवे लावा, एकाला खाली उतरवून मागे घ्या. मागे हॉर्न वाजले तरी वाजू द्यात. भाड्याच्या करारात प्रत्येक नुकसानीमागे साधारण १००० ते १५०० युरो तुमच्या खिशातून जातात. ‘प्रत्येक’ याचा अर्थ छत एकदा आणि बंपर एकदा घासला तर दोनदा. पाटी दिसत असूनही आत घातली तर निष्काळजीपणा धरून विमा कंपनी आणखी कमी भरपाई देऊ शकते. गाडी घेताना छताचेही फोटो काढा. तो भाग सगळे विसरतात.

सायकलींमुळे यात भर पडते. मागच्या स्टँडने गाडी जवळपास मीटरभर लांब होते आणि मागचं चाक शेपटापासून बरंच पुढे असल्याने उजवीकडे वळताना शेपूट डावीकडे फेकलं जातं. अरुंद गल्लीत भिंतीला घासतं ते हेच. स्टँडची क्षमता बहुधा ५० ते ६० किलो असते आणि एक ई-बाईक २५ किलोच्या आसपास. म्हणजे दोनच. बॅटऱ्या काढून आत ठेवा: वजन कमी होतं, पावसापासून वाचतात. शिवाय साडेतीन टनांची मर्यादा आहे. रिकामी गाडीच तीन टनांच्या आसपास असते, त्यात चार माणसं, सायकली, १०० लिटर पाणी आणि आपला तांदूळ-पिठाचा साठा धरला की काटा ओलांडला जातो. पाणी मुक्कामी पोचल्यावर भरा, निघताना २० लिटर पुरे. कडक सुटकेसही आणू नका, ठेवायला जागा नसते; घडी होणाऱ्या पिशव्या आणा.

ऑक्टोबरच्या रात्री खोऱ्यात पारा शून्याजवळ जाऊ शकतो. हीटर पूर्ण बंद करून झोपलात तर पहाटे गाडीखाली पाणी वाहताना दिसेल. ते बिघडलेलं नसतं. गरम पाण्याच्या टाकीला गोठण्यापासून वाचवणारा व्हॉल्व्ह असतो. बऱ्याच गाड्यांत तो साधारण ३ अंशांना आपोआप उघडतो आणि टाकी रिकामी करतो. आतलं तापमान ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय तो परत बंद राहत नाही. तेव्हा रात्री हीटर १५-१६ अंशांवर चालू ठेवा. हीटर, गरम पाणी आणि स्वयंपाक मिळून थंड दिवसाला दीड ते अडीच किलो गॅस जातो. ११ किलोची बाटली पाच-सहा दिवस चालते. त्यात प्रोपेन असावा, ब्युटेन शून्याजवळ वायूरूपच घेत नाही.

मुक्कामाच्या जागी वीज देणारा खांब अनेकदा ६ अँपिअरचाच असतो, म्हणजे जेमतेम १४०० वॅट. इंडक्शन शेगडी किंवा मोठी किटली लावली की फ्यूज उडतो आणि तो डबा उघडायला मालकाला बोलवावं लागतं. कुकर गॅसवर लावा. फोडणी मात्र गाडीत करू नका: हिंग-मोहरीचा धूर गाद्यांच्या कापडात बसतो आणि परत करताना सफाईचे पैसे लागतात. घरून वाटण आणि फोडणीचं तेल बाटलीत घालून न्या. वाफेने खिडक्या घामेजतात, तेव्हा शिजवताना छताची झडप उघडा आणि निघण्याआधी ती बंद झाली का ते हाताने तपासा.

रात्रीचा मुक्काम ठरलेल्या जागीच. रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये चालकाच्या विश्रांतीपुरती एक रात्र झोपणं चालतं, पण खुर्च्या, टेबल, छत्री बाहेर आली की ते कॅम्पिंग झालं. द्राक्षबागायतदारांनी अंगणात दिलेल्या जागा मला सर्वांत आवडतात: दहा-बारा गाड्या, सकाळी पैसे गोळा करायला मालक स्वतः येतो, सुट्टे युरो हवेत. बऱ्याच जागांचं आगाऊ आरक्षण होत नाही, म्हणून दुपारी दोनच्या आत पोचा. मोठ्या कॅम्पिंगचं फाटक मात्र बहुधा दुपारी एक ते तीन बंद असतं. रात्री दहानंतर शांतता म्हणजे शांतता; आपल्या गप्पांचा आवाज पातळ भिंतींतून शेजाऱ्यापर्यंत जातो. शौचालयाची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) फक्त तिच्यासाठीच्या ठिकाणी रिकामी करा, सांडपाण्याच्या जाळीवर कधीही नाही. आपल्यातल्या एकाने असं केलं की पुढच्या भारतीय कुटुंबाकडे संशयाने बघितलं जातं.

रविवारी आणि ३ ऑक्टोबरला दुकानं बंद.

सायकलमार्ग पर्ल ते कोब्लेंझ सुमारे २४० किलोमीटर आहे, सगळा करायची गरज नाही. पहिल्या मुक्कामात एक दिवस एडिगर-एलरहून नदीच्या वळणाने बाइलश्टाइनमार्गे कोखेमला जा. नदी तिथे वीसेक किलोमीटरचा वेढा घेते. रेल्वे तेच अंतर १८७९ सालच्या ४.२ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत कापते, म्हणून परत रेल्वेने या. इथल्या लोकल गाड्यांत सायकल सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर फुकट नेता येते. उलट दिशेला ब्रेम गाव जवळच आहे, वर काल्मोंट हा युरोपातला सर्वांत उभ्या उताराचा मानला जाणारा द्राक्षमळा.

दुसऱ्या मुक्कामात एक दिवस बर्नकास्टेलहून: सायकली घेऊन ट्रेलरच्या बसने वर डाउन (Daun) या गावी जा आणि जुन्या रेल्वेमार्गावरच्या ५८ किलोमीटरच्या वाटेने खाली या. सुरुवातीला थोडा चढ, मग बहुतेक उतार. बसमधली सायकलची जागा आधी राखून ठेवा; ही सेवा १ नोव्हेंबरपर्यंतच असते. दहा-अकरापर्यंत खोऱ्यात धुकं असतं, त्यामुळे घाईने निघण्यात अर्थ नाही. सायकलला पुढचा आणि मागचा दोन्ही दिवे हवेत. तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरने आणलेला चिखल, चिरडलेली द्राक्षं आणि ओली पानं असतात, वळणावर ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं. ट्रॅक्टरला वाट द्या. त्यांचं वर्षभराचं उत्पन्न त्या तीन आठवड्यांत ठरतं. वाटेत फेडरवायसर (नवी, अर्धवट आंबलेली वाइन) आणि कांद्याचा केक मिळेल. फेडरवायसर अजून आंबत असतो, म्हणून बाटलीचं झाकण सैल असतं. फ्रीजमध्ये आडवी ठेवली तर सगळी सांडते.

बुर्ग एल्त्स किल्ल्याला गाडी नेऊ नका. रेल्वेने मोझेलकेर्नला उतरा आणि ओढ्याकाठच्या जंगलातून दीडेक तास चाला. किल्ला १ नोव्हेंबरनंतर बंद होतो, दिवाळी उशिरा असलेल्या वर्षी सुट्टी आखताना हे लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे गेलं की साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, परतीची वेळ तशी धरा.

लक्झेंबर्ग शहरात मोटरहोम घालायचं कारणच नाही. कोन्त्सजवळ मुक्काम करा, सायकलने ओबरबिलिगला जा, फेरीने नदी ओलांडली की समोर लक्झेंबर्गचं वासरबिलिग. तिथून राजधानीपर्यंतची रेल्वे दुसऱ्या वर्गात सगळ्यांना मोफत आहे, २०२० पासून त्या देशात सार्वजनिक वाहतुकीला तिकीटच नाही. डिझेल तिथे जर्मनीपेक्षा स्वस्त असतं, तेव्हा घरी निघताना टाकी वासरबिलिगला भरा, पंपाच्या छताची उंची वाचून.