क्योतोतली देवळं आणि बागा : या चुका टाळा

जपानमधल्या क्योतोत शिकायला आल्यावर पहिल्याच मोकळ्या रविवारी मी पाच देवळांची यादी घेऊन निघाले. चौथ्या देवळाशी पोहोचले तेव्हा दार बंद. बहुतेक ठिकाणं पाचच्या सुमारास बंद होतात, तिकीट त्याआधीच थांबतं. दिवसाला दोन ठिकाणं पुष्कळ झाली.

र्‍योआन-जी या दगडांच्या बागेसाठी प्रसिद्ध देवळात तर घाई करूच नका. पांढऱ्या खडीत 15 दगड आहेत, पण ओसरीवर कुठेही बसा, एखादा तरी लपतोच. लोक मोजतात, फोटो काढतात आणि उठतात. तुम्ही अर्धा तास बसा. मग खडीवर दाताळ्याने ओढलेल्या रेघा दिसू लागतात, आणि मागची मातीची भिंतही. त्या मातीत तेल होतं, ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपून भिंतीवर तपकिरी ढग उमटलेत. मला ती भिंत दगडांहून जास्त आवडते.

आपल्याकडच्या सवयीने बाहेरच्या दारातच चपला काढू नका. अंगणातून त्या घालूनच जायचं, लाकडी ओसरीपाशी काढायच्या आणि पाय थेट वर ठेवायचा. अनवाणी जाण्यापेक्षा मोजे बरे. उंबऱ्यावर पाय देऊ नये, हे आजीचं सांगणं इथेही तंतोतंत लागू. तातामीच्या, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जाड चटयांच्या, कापडी काठावरही पाय नको.

टाळ्यांचा गोंधळ आपल्यापैकी बरेच जण करतात. तोरी कमान (दोन खांब आणि वर आडव्या तुळया) असेल तर ते सहसा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान : दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, शांतपणे हात जोडायचे.

बागेच्या वाटेवर काळ्या दोरीने बांधलेला नारळाएवढा दगड दिसला तर तो ओलांडू नका. तो ‘सेकिमोरी-इशी’, म्हणजे पुढे जायला मनाई. पाटी नसते, म्हणून मी एकदा सरळ पुढे गेले. माळीकाका धावत आले आणि रागावण्याऐवजी माझ्यापुढे वाकले. त्या दिवशी फार वाईट वाटलं. शेवाळ तुडवलं की पुन्हा धरायला फार वेळ लागतो.

देवळाचा शिक्का, म्हणजे गोशुइन, वर्गातल्या वहीत मागू नका. त्याची वेगळी वही देवळातच विकत मिळते.

साइहो-जी या शेवाळाच्या देवळात आधी नोंदणी केल्याशिवाय सोडत नाहीत. जमलं तर जूनमधली तारीख घ्या, आणि पाऊस आहे म्हणून ती रद्द करू नका. भिजलेलं शेवाळ हिरवंगार होऊन फुगतं, आणि गर्दीही कमी असते.